लोअर आर्मचे बुश घरी बदलताय? शेवटचा बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका

चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीचे लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश बदलले. दोन रविवार गेले, हाताची सालटी निघाली, बायकोने जुनी चादर वापरल्याबद्दल ऐकवलं ते वेगळंच, पण खटखट बंद झाली आणि मी आठवडाभर जो भेटेल त्याला हेच सांगत फिरत होतो. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे जेमतेम सात-आठ महिन्यांत, तोच आवाज परत. टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं तर नवंकोरं रबर मधल्या नळीपासून फाटून लोंबतंय. मला वाटलं पार्ट डुप्लिकेट लागला, दुकानदाराशी भांडायला निघालोच होतो, बरं झालं गेलो नाही. चूक माझीच होती. गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबकळतंय, आणि मी त्याच अवस्थेत बोल्ट सगळा जोर लावून आवळून टाकले होते.

यात चुकतं काय ते कळायला आधी बुश असतो काय ते बघा. दोन लोखंडी नळ्या, एक बाहेरची मोठी, एक आतली बारीक, आणि दोघींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं भरलेलं नसतं, बहुतेक बुशमध्ये ते कारखान्यातच दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या फ्रेमला घट्ट दाबली जाते, ती हलत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसलेली, ती आर्मबरोबर वरखाली होते. म्हणजे दाराची बिजागरी जशी फिरते तसं इथे काहीच फिरत नाही, मधलं रबर पिळतं आणि परत सुटतं, बस. आता चाक लोंबतंय तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो, तिथेच बोल्ट आवळला तर रबराची आरामाची जागा ती ठरते, आणि गाडी खाली टेकवली की आर्मचं टोक सात-आठ सेंटीमीटर तरी वर जातं आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उभी असतानाही. त्यात वर खड्डे. आपल्याकडचे खड्डे.

याच कारणाने रबर बुशला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नसतं. फिरणारं काही नाहीच तर वंगण कशाला, उलट खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. तरी गॅरेजमध्ये 'आवाज येतोय ना, थोडं ऑइल मारू' म्हणणारे भेटतातच.

मी लिहितोय ते पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या साध्या हॅचबॅक-सेडानबद्दल, जिथे खाली एकच एल आकाराचा आर्म असतो, त्याला दोन बुश आणि चाकाच्या टोकाला एक बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरणारा गोळ्याचा सांधा. तुमच्या गाडीत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर बसलेली असेल (काही जीप टाइप गाड्यांत असते) तर हे घरी करू नका, आर्म सोडल्यावर दाबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते आणि माणूस जायबंदी होतो. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग शॉकअपवरच वर-खाली अडकवलेली असते म्हणून आर्म बिनधास्त काढता येतो. आणि मारुती ८०० वाल्यांनो, तुमच्याकडे पुढचा स्टॅबिलायझर बारच (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी) आर्मला पुढेमागे धरून ठेवतो, मांडणी वेगळी आहे, तेव्हा सगळं इथलं जसंच्या तसं लागू होणार नाही.

आधी खात्री करा की बुशच गेलाय

खटखट म्हटलं की सगळे बुश बुश करतात, पण निम्म्या वेळा आवाज लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारच्या टोकाची छोटी दांडी) असतो, ज्याला काही गॅरेजवाले जंपिंग रॉड म्हणतात. बारीक-सारीक खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना कुटकुट कुटकुट असा सुका आवाज आला तर आधी लिंक रॉड बघा, तो अर्ध्या तासात बदलून होतो. स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवताना वरून करकर झाली तर स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअपची वरची बैठक. बुश गेल्याचा आवाज जाडा असतो, 'ढक्क', तो ब्रेक मारताना एकदा येतो आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की परत एकदा येतो, कारण आख्खा आर्म पुढेमागे सरकतो. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, हायवेवर स्टिअरिंग सतत थोडं थोडं सावरावं लागतं, आणि पुढचा टायर एकाच कडेने झिजतो.

बघायचं कसं? कोणालातरी गाडीत बसवा, मोकळ्या सपाट जागेत फूटभर पुढे, ब्रेक, फूटभर मागे, ब्रेक. तुम्ही बाजूला सुरक्षित अंतरावर उकिडवे बसून चाकाकडे बघा, गाडीच्या पुढे-मागे नको. चाक मडगार्डमध्ये पुढेमागे सरकताना दिसलं तर मागचा मोठा बुश गेला. नंतर गाडी बंद करून, स्टँडवर घेऊन, लहान पहार किंवा टायर लिव्हर आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घालून हलकं उचकटा. रबर थोडं दबणारच, तो त्याचा धर्म आहे, पण लोखंड लोखंडावर आपटलं किंवा रबर नळीपासून सुटलेलं दिसलं तर मग विषय संपला. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नका, आठ-दहा वर्षं जुन्या रबराला त्या असतातच.

नुसता बुश की पूर्ण आर्म

हा खरा प्रश्न आहे आणि मी सरळ सांगतो. पहिल्यांदाच करत असाल, बॉल जॉइंटही जुना असेल आणि तुमच्या गाडीचा पूर्ण आर्म बुश-बॉल जॉइंटसकट मिळत असेल तर आर्मच घ्या. नुसते बुश स्वस्त असतात, पण जुना बुश काढून नवा बसवणं हेच या कामातलं सगळ्यात वैतागवाणं काम आहे आणि आर्म घेतला की तेच वाचतं. बुश तेव्हा घ्यावेत जेव्हा बॉल जॉइंट ठणठणीत आहे, किंवा आर्म फारच महाग आहे, किंवा तुम्हाला माझ्यासारखी खाज आहे.

पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा, गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल हे सांगून मागा, कारण डिझेलचं इंजिन जड म्हणून काही गाड्यांत बुश वेगळा येतो. जमलं तर जुन्याचा फोटो सोबत ठेवा. मुंबईवाल्यांना जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड माहीत असतोच, पण जुन्या गाडीतून काढलेला रबराचा पार्ट कधी घेऊ नका, तो तुमच्याइतकाच म्हातारा असतो. आणि दोन्ही बाजूचे एकदम बदला, एक बाजू कडक आणि एक ढिली ठेवली तर गाडी ओढतच राहणार.

पॉलियुरेथेनचे बुश कोणी सुचवेल. ते कडक, टिकाऊ, आणि त्यांचं तंत्र वेगळं, त्यात बुश आतल्या नळीभोवती खरंच फिरतो आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. रोज ऑफिसला जायच्या गाडीला माझ्या मते गरज नाही, प्रत्येक खड्डा कमरेत जाणवतो आणि ग्रीस सुकलं की चुंईचुंई चालू.

हत्यारं

जॅक, आणि दोन जॅक स्टँड. स्टँडशिवाय हे काम करायचंच नाही, विटा-चिरे-पेव्हर ब्लॉक रचून त्यावर गाडी ठेवायची नाही, वीट वजनाखाली न सांगता फुटते. सॉकेट सेट, बहुतेक गाड्यांत १४ ते १९ मध्ये सगळं उरकतं. लांब दांडी, हातोडा, छन्नी, हॅकसॉ, एमरी पेपर, गंज सोडवायचा स्प्रे, डोळ्यांना चष्मा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) असेल तर उत्तम, नसेल तर एक हिशोब लक्षात ठेवा: अर्धा मीटर लांब दांडीच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की साधारण ९८ न्यूटन मीटर होतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि त्या हिशोबाने अंदाज बांधा. घरातल्या वजनकाट्यावर हात दाबून २० किलो म्हणजे किती ते एकदा बघून घ्या, हसू नका, मी केलंय.

आदल्या रात्री

आर्मचे दोन्ही बोल्ट, बॉल जॉइंटचा बोल्ट, लिंक रॉडचा नट, सगळ्यांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा आणि झोपा. सकाळी परत मारा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या गाड्यांना खारी हवा लागलेली असते, त्यांच्यावर दोन दिवस आधीपासून सुरू करा, कारण बोल्ट आतल्या नळीतच गंजून एकजीव झालेला असतो आणि नट सुटला तरी बोल्ट बाहेर येत नाही.

आणि एक माप घ्या, ज्यासाठी हा सगळा लेख लिहिलाय. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी असताना, चाकाच्या बरोबर मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि आकडा कागदावर लिहा. माझ्या गाडीला ३६ सेंटीमीटर आला होता. दोन्ही बाजूंचा घ्या. हा आकडा शेवटी लागणार आहे.

आर्म काढायचा

सपाट काँक्रीट, हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच पाव फेरा ढिले करा. मग जॅकने पुढची दोन्ही चाकं उचला, एकेक करून स्टँड लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, पत्र्यावर नाही. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार दुसऱ्या बाजूशी कुस्ती खेळतो आणि आर्म खाली येत नाही, म्हणून दोन्ही. गाडीला हाताने धक्का देऊन बघा, डगमगली तर परत लावा. काढलेलं चाक आणि स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी त्यावर पडेल, तुमच्यावर नाही.

लिंक रॉड आर्मला जोडलेला असेल तर तो सोडा. मग बॉल जॉइंट. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) आडव्या बोल्टने चिमटीत धरलेली असते, तो बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेत अडकून बसतो. हे माहीत नसताना मी अर्धा तास पहार मारत होतो आणि माझा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तो बोल्ट अजून आतच आहे." बोल्ट काढल्यावर फटीत छन्नी हलकी ठोकली की चिमटा उघडतो, मग आर्म पहारीने खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात खाली नट आणि स्प्लिट पिन असते, तिथे नट शेवटच्या आट्यांवर ठेवून नकलच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन सणसणीत घाव घाला, दांडीच्या टोकावर नाही, टोकावर मारलं की आटे गेले.

आर्म सुटला की चाकाची असेंब्ली मोकळी होऊन बाहेरच्या बाजूला झुलते. तिला तारेने किंवा दोरीने बांधून ठेवा. जास्त बाहेर ओढली गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारी दांडी) आतला जॉइंट निसटतो, आणि ब्रेकच्या होजवर वजन आलं तर तो खराब होतो. मग आर्मचे फ्रेमला असलेले दोन बोल्ट. कुठला बोल्ट कुठल्या दिशेने होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जोर लावताना दांडी आपल्याकडे ओढायची, तोंडासमोर ढकलायची नाही, सुटली की दात.

बुश काढणे आणि घालणे

आधी खूण. मागच्या मोठ्या बुशच्या रबरात बहुतेक वेळा दोन पोकळ्या असतात, केळ्याच्या आकाराच्या. त्या शोभेच्या नाहीत, कुठल्या दिशेने बुश मऊ आणि कुठल्या दिशेने कडक हे त्यावर ठरतं. फिरवून बसवला तर ब्रेक मारताना आर्म जास्त सरकणार किंवा खड्ड्यात धक्का जास्त बसणार. म्हणून जुना बुश काढायच्या आधी पोकळ्यांची दिशा आर्मवर छन्नीने किंवा पेंटने आखून घ्या आणि बुश किती बाहेर डोकावतोय तेही मोजा.

आता सगळ्यात शहाणपणाचा मार्ग: आर्म पिशवीत घालून जवळच्या लेथवाल्याकडे किंवा हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या, जुने दाबून काढून नवे दाबून द्या म्हणा, खूण दाखवा आणि तिथेच उभे राहा. उभे राहा म्हणजे राहा, चहाला जाऊ नका, माझ्या एका मित्राचा बुश ९० अंश फिरून बसला होता तो घरी आल्यावर कळला. हे केलं म्हणजे घरी काम केलं नाही असं अजिबात नाही.

तरी घरीच करायचं तर शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, किंवा आट्यांच्या रॉडचा जुगाड. हार्डवेअरमधून जाड रॉड घ्या, १४ मिलिमीटरच्या खाली नको (मी १० चा घेतला, आटे पार भुगा झाले), तो आतल्या नळीतून गेला पाहिजे, नाही गेला तर शेगडाच बरा. दोन नट, जाड वायसर, आणि पाइपचा एक तुकडा ज्याचं आतलं माप बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित मोठं. पाइप एका बाजूला आर्मला टेकवायचा, दुसऱ्या बाजूने बुशच्या बाहेरच्या नळीच्या मापाचं मोठं सॉकेट ठेवायचं, आणि नट आवळत गेलं की बुश पाइपमध्ये सरकतो. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा, इथे चालतं, फक्त रबराला लागू देऊ नका.

बुश हललाच नाही तर रबर ड्रिल मारून, कापून काढा, मग हॅकसॉचं पातं आतून ओवून उरलेली बाहेरची नळी एका जागी कापा. हळू. नळी पातळ असते, पात्याचा आवाज बदलला की थांबा, आर्मला चर पडता कामा नये. मग छन्नीने ती कड आत वळवली की नळी ढिली होऊन निघते. रबर पेटवून काढायचा एक गावठी प्रकार आहे, करू नका, तो काळा धूर फार वाईट असतो आणि सोसायटीत फायर ब्रिगेड येते.

भोक एमरीने साफ करा, गंज आणि कंगोरे काढून टाका. नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची टिप सगळे देतात, त्याचा उपयोग किती तर ४० मिलिमीटरची लोखंडी नळी ५० अंश गार झाली की अडीच शतांश मिलिमीटरच्या आसपास आकसते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. थोडी मदत होते, चमत्कार होत नाही. भोकाला साबणाचं पाणी लावा. बुश खुणेप्रमाणे धरा, सरळ सुरू झाला की नाही ते दोन बाजूंनी बघा, आणि जोर फक्त बाहेरच्या नळीवर येऊ द्या. मधल्या नळीवर किंवा रबरावर दाबलं की नवा बुश तुम्ही बसवता बसवताच फाडलात. तिरका जायला लागला तर ओढून परत सुरू करा, हातोड्याने सरळ करायला जाऊ नका. पत्र्याचा आर्म असेल तर त्याचे कान दबून वाकणार नाहीत इकडे लक्ष ठेवा.

जोडणी, आणि तो शेवटचा बोल्ट

आर्म परत चढवा, फ्रेमचे दोन्ही बोल्ट हाताने आट्यात घाला, मग पान्याने फक्त इतकेच आवळा की खेळ जाईल पण आर्म हाताने वरखाली होईल. बॉल जॉइंट बसवा, खाच बोल्टसमोर आली की बोल्ट सरळ सरकतो, हातोडा लागला तर समजा दांडी पूर्ण वर गेलेली नाही. बॉल जॉइंट आणि लिंक रॉड आताच पूर्ण टाइट करून टाका, ते फिरणारे जॉइंट आहेत, त्यांना हवेत असल्याने काही फरक पडत नाही. स्प्लिट पिन आणि एकदाच वापरायचे नट नवे घाला.

आता ते कागदावरचं माप. आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली, बॉल जॉइंटच्या शेजारी, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून जॅक लावा आणि हळूहळू उचला. टेप हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत धरा, तुमचा आकडा, माझ्या बाबतीत ३६, आला की थांबा. गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं वाटलं तर लगेच थांबा, स्टँडवर वजन राहिलंच पाहिजे. कधी कधी गाडी हलकी आणि स्प्रिंग कडक असते, मग माप येण्याआधीच गाडी उठायला बघते, अशा वेळी चाक लावून गाडी खाली घ्या, चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या रुंद मजबूत फळ्या ठेवा, ठोकळे परत लावा आणि बाहेरून हात घालून आवळा. गाडी आधी दोन-चार वेळा बॉनेटवर दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. आता फ्रेमचे दोन्ही बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याने पूर्ण टाइट. एकाला पांढऱ्या पेंटची रेघ मारा, बोल्ट आणि फ्रेम दोन्हींवर, नंतर सुटला तर लगेच दिसेल.

दुसरी बाजू तशीच. ती निम्म्या वेळात होते.

चाकं लावा, नट चांदणीसारखे आलटूनपालटून आवळा, गाडी खाली आल्यावर परत एकदा. पहिली चक्कर सोसायटीच्या आतच, वीसच्या स्पीडने, ब्रेक मारून, रिव्हर्स घेऊन. मग व्हील अलाइनमेंटला जायचं, लांबणीवर टाकू नका, आर्म निघून परत बसला की टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतो आणि नवे टायर दोन महिन्यांत कडेने खाल्ले जातात. साधारण १०० किलोमीटरनंतर खाली डोकावून पेंटची रेघ जुळतेय का बघा आणि चाकाचे नट तपासा. माझी दुसरी जोडी याच पद्धतीने लावली त्याला आता तीन पावसाळे होऊन गेले, मागच्या महिन्यात बघितलं तर रबर अजून दोन्ही नळ्यांना चिकटून आहे, आणि आता आवाज येतोय तो मागच्या सीटखाली लोळणाऱ्या १७ च्या पान्याचा.